पोलिसांच्या छातीवरचा कॅमेरा : नियम कुठे आहेत?

सह्यवारा

नमस्कार मंडळी.

चौकाचौकांत वाहतूक पोलिसांच्या छातीवर छोटा काळा कॅमेरा दिसायला लागलाय. नाकाबंदीला दिसतो, मोर्च्याच्या बंदोबस्तालाही दिसतो. मला ही गोष्ट चांगली वाटते, हे आधीच सांगतो. प्रश्न वेगळा आहे. तो कॅमेरा कधी चालू करायचा, कधी बंद करायचा, चित्रण किती दिवस ठेवायचं आणि ज्याचं चित्रण झालंय त्याला ते बघायला मिळणार की नाही, हे कुठे लिहून ठेवलंय?

माझ्या मेहुण्याला सिग्नल तोडला म्हणून अडवलं. त्याचं म्हणणं, दिवा पिवळा होता. शब्दाने शब्द वाढला, "सरकारी कामात अडथळा" इथपर्यंत गोष्ट गेली. तो म्हणाला, साहेब, तुमच्या छातीवर कॅमेरा आहे, त्यातच बघू ना. उत्तर मिळालं, "तो आमच्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही."

दंड भरला, विषय संपला. पण हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कॅमेरा लोकांच्या पैशातून घेतलेला, चित्रण लोकांचं, आणि तो फक्त पोलिसांसाठी कसा? माझं मत असं की नागरिकाला थांबवलं की कॅमेरा चालू झालाच पाहिजे, बंद राहिला तर कारण लेखी द्यावं लागलं पाहिजे, आणि ज्याचं चित्रण त्याला ते मागता आलं पाहिजे. इथे वकील आहेत, परदेशात राहणारे आहेत, पोलीस खात्यातलेही कुणी असतील. तुमचे अनुभव सांगा.

पाटीलकी

आधी एक कॅमेरा आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत लावा. मागच्या सभेत कोण काय बोललं यावरच पुढच्या सभेचे दोन तास जातात.

विनोद सोडा, विषय महत्त्वाचा आहे. वाचतोय.

खाकीतली वर्षं

मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं वाहतूक शाखेत होतो, त्यामुळे हा कॅमेरा अंगावर वागवला आहे.

पहिला फायदा आम्हालाच झाला, हे मोकळेपणाने सांगतो. दारू पिऊन गाडी चालवणारा माणूस कॉलर धरतो, आईबहिणीवरून बोलतो आणि दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन साहेबांसमोर उभा राहतो की हवालदाराने पैसे मागितले. पूर्वी त्याचा शब्द आणि आमचा शब्द. साहेबसुद्धा कुणाचं ऐकणार? अशाच एका तक्रारीत चित्रण लावलं, तर मिनिटभरात सोबत आलेले चौघे उठून बाहेर गेले. "सर, आपलं रेकॉर्डिंग चालू आहे" एवढं म्हटलं तरी समोरच्याचा आवाज खाली येतो. आणि आमचाही येतो, हेही खरं.

आता अडचणी. बारा तासांची ड्युटी आणि बॅटरी त्याच्या निम्मीसुद्धा पुरत नाही. विसर्जनाच्या बंदोबस्ताला तर रात्रीचा दिवस होतो, तिथे चार्जिंग कुठे करणार? पावसाळ्यात रेनकोट घातला की कॅमेरा आत जातो. बाहेर लावला तर काचेवर थेंब बसतात, मग सगळं धुरकट. चिमटा ढिला असला की वाकल्यावर कॅमेरा उलटा लोंबतो आणि चित्रण निघतं बुटांचं. ड्युटी संपली की कॅमेरे चौकीत जमा करायचे, रजिस्टरला सही. चित्रण उतरवून घेणारा अंमलदार रजेवर असेल तर दोन-दोन दिवस तसंच पडून राहतं, आणि जागा भरली की जुन्यावर नवीन चढतं.

नियमांचं विचाराल तर आम्हाला तोंडी सांगितलं होतं, "चालू ठेवत जा." त्यापुढे काही नाही.

रोखठोक

कॅमेऱ्याने काही होणार नाही. पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं काय झालं ते आठवा. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला आदेश दिला की देशातल्या प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत. आत यायचं दार, बाहेर जायचं दार, कोठड्या, व्हरांडे, निरीक्षकाची खोली, स्वच्छतागृहाबाहेरची जागा, सगळी यादी करून दिली. रात्री दिसणारे आणि आवाज टिपणारे कॅमेरे हवेत, चित्रण १८ महिने ठेवा, तेवढी सोय बाजारात मिळत नसेल तर निदान एक वर्ष, इतकं स्पष्ट लिहिलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, कारण राजस्थानात सात-आठ महिन्यांत ११ कोठडी मृत्यू झाल्याची बातमी आली आणि ठाण्यांतले कॅमेरे चालू नसल्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

भिंतीवर ठोकलेला कॅमेरा ज्यांच्याच्याने चालू राहत नाही, त्यांच्या छातीवरचा कसा राहील? पैसे फक्त पुरवठादाराचे होणार.

पाटीलकी

रोखठोक, मुद्दा पटतो. पण मग मागणीच सोडायची का?

चेसापीक

मी अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहतो. बाल्टिमोर माझ्या घरापासून फार लांब नाही. तिथली एक गोष्ट सांगतो, म्हणजे 'बटण कुणी दाबायचं' हा प्रश्न किती मोठा आहे ते कळेल.

जानेवारी २०१७. बाल्टिमोरचा एक पोलीस अधिकारी एका घरामागच्या कचरा पडलेल्या बोळात आला. त्याने अमली पदार्थाची पुडी सूपच्या रिकाम्या डब्यात ठेवली, डबा कचऱ्यात टाकला आणि बोळातून बाहेर रस्त्यावर आला. तिथे त्याने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. मग "इथे बघतो जरा" असं म्हणत परत आत गेला, थोडी शोधाशोध केली आणि पुडी "सापडली". दोन सहकारी शेजारी उभे होते.

त्याच्या लक्षात एक गोष्ट राहिली नाही. हे कॅमेरे कायम जागे असतात. बटण दाबलं की त्याच्या आधीचे ३० सेकंदही आपोआप जतन होतात, फक्त त्यात आवाज नसतो. पुडी ठेवताना तो स्वतःच टिपला गेला होता, मुका. सरकारी बचाव वकिलांच्या कार्यालयाने ते बारकाईने बघितलं म्हणून जुलैत उघडकीला आलं. त्या प्रकरणातला आरोपी तोपर्यंत तुरुंगात होता. त्याच्यावरचा खटला मागे घेतला गेला, त्या पोलिसांच्या साक्षीवर उभे असलेले इतर अनेक खटलेही सोडून द्यावे लागले आणि २०१८ मध्ये त्या अधिकाऱ्याला खोटा पुरावा तयार केल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं.

रोखठोक, तुम्ही म्हणता कॅमेऱ्याने काही होत नाही. या माणसाची सुटका कॅमेऱ्यानेच झाली. पण कॅमेरा होता म्हणून नाही. आधीचे ३० सेकंद पुसण्याची सोय त्या पोलिसाच्या हातात नव्हती आणि चित्रण बचाव पक्षाच्या वकिलाला मिळणं बंधनकारक होतं, म्हणून झाली.

रोखठोक

म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. तिथे बचाव पक्षाला चित्रण मिळतं. इथे मिळेल?

कोर्टाची पायरी

मिळण्याचा रस्ता आहे, अवघड आहे. जरा सविस्तर लिहिते.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण करणं बंधनकारक झालं. जप्तीची यादी बनवून त्यावर पंचांच्या सह्या घेणं हासुद्धा त्या चित्रणाचा भाग आहे, आणि ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं आहे. कलमात "शक्यतो मोबाइलने" असे शब्द आहेत, त्यामुळे तपास अधिकारी मोबाइलवर ई-साक्ष्य ॲप वापरतात. पूर्वी पंचनाम्याला तेच तेच ठरलेले पंच यायचे, हे कोर्टात सगळ्यांना ठाऊक असायचं. आता निदान घरात कोण गेलं, कपाट कुणी उघडलं, हे दिसायला हवं.

पण बघा, कायदा झडतीबद्दल बोलतो. रस्त्यावर अडवणं, नाकाबंदी, लाठीमार, अटक करून गाडीत बसवणं, गाडीतून ठाण्यापर्यंतचा प्रवास, यातलं काहीच कलम १०५ मध्ये येत नाही. अंगावरचा कॅमेरा नेमका त्याच वेळी उपयोगाचा असतो. सह्यवारा यांचा प्रश्न या मोकळ्या जागेतला आहे.

दुसरं, चित्रण आहे म्हणून ते आपोआप पुरावा होत नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. यावरचा गाजलेला निकाल आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असं कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनात सरकारचेच कॅमेरे चालू होते. चित्रण सरकारी, यंत्र सरकारी, आणि प्रमाणपत्र मात्र वारंवार मागूनही अधिकारी देईनात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की प्रमाणपत्र आवश्यकच आहे, पण मागणाऱ्याने सगळे प्रयत्न केले आणि तरी मिळालं नाही, तर न्यायालय संबंधिताला ते हजर करायला लावू शकतं आणि अशक्य गोष्टीची सक्ती त्या पक्षकारावर करता येत नाही.

उमेदवार असलेल्या माणसाला हे सहा वर्षं लढावं लागलं. सिग्नलवर अडवलेल्या माणसाने काय करायचं? म्हणून नियम आधीच लिहिलेले हवेत.

माळरान

मला वेगळी भीती वाटते आणि ती इथे अजून कुणी मांडलेली नाही.

मी एका समुपदेशन केंद्रात काम करते. नवऱ्याने मारलं म्हणून रात्री फोन केलेल्या बाईच्या दारात पोलीस येतात तेव्हा ती कशी असते? पदर सावरलेला नसतो, ओठ फुटलेला असतो, पोरं घाबरून कोपऱ्यात बसलेली असतात. त्या घरात कॅमेरा चालू ठेवून शिरायचं का? एका बाईने मला विचारलं होतं, "ताई, ते माझं शूटिंग कुठं जाईल?" मला उत्तर देता आलं नाही, कारण ते कुठेच ठरलेलं नाही.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. पण घरगुती भांडण, आत्महत्येचा प्रयत्न, हरवलेलं मूल, वेडाच्या भरात रस्त्यावर आलेला माणूस, यांचं काय? हल्ली पोलिसांच्या कारवाईचे व्हिडिओ संगीत लावून समाजमाध्यमांवर फिरताना दिसतात. पकडलेल्या पोराला उठाबशा काढायला लावतात आणि खाली लोक टाळ्या वाजवतात. तो दोषी ठरलाय का अजून? चित्रण जतन करणं आणि ते लोकांत फिरवणं यात भिंत हवी, आणि ती भिंत ओलांडणाऱ्याला शिक्षा हवी.

टेम्सकाठ

माळरान ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. इंग्लंडचं सांगतो. इथे २००५ पासून प्लिमथला या कॅमेऱ्यांचे प्रयोग सुरू झाले. लंडनच्या पोलीस दलाने २०१६ पासून सुमारे २२,००० कॅमेरे वाटले. नियम साधारण असे : चित्रण सुरू असताना लाल दिवा दिसला पाहिजे, अधिकाऱ्याने शक्य तिथे तोंडाने सांगितलं पाहिजे, गरजेपुरतंच चित्रण करायचं, आणि जे पुराव्याला लागत नाही ते लंडनमध्ये ३१ दिवसांनी आपोआप पुसलं जातं. आपल्याबद्दलची माहिती मागायचा हक्क कायद्यात आहे, त्यामुळे त्या मुदतीत अर्ज केला तर स्वतःचं चित्रण मागता येतं. दुसऱ्यांचे चेहरे धूसर करून देतात.

आणि तरीही २०२३ मध्ये बीबीसीने शोध घेतला तेव्हा गैरवापराच्या दीडशेहून जास्त तक्रारी निघाल्या. कुणी झटापटीच्या वेळी कॅमेरा बंद केला, कुणी चित्रण गहाळ केलं, कुणी लोकांचे खासगी प्रसंग मित्रांना दाखवले. इतकी शिस्त असलेल्या देशात ही गत. म्हणून कुणी, कधी, कोणतं चित्रण उघडून बघितलं याची नोंद यंत्राने आपोआप ठेवली पाहिजे. ती नोंद पुसता येऊ नये.

खाकीतली वर्षं

माळरान ताईंचं पटलं. पण "सतत चालू" म्हणणाऱ्यांना विचारतो, खबऱ्याचं काय करायचं? पानटपरीवर उभं राहून माणूस कानात चार शब्द सांगतो, त्यावर आमचे निम्मे गुन्हे उघडकीला येतात. त्याचा चेहरा टिपला गेला आणि तो पुढे कोर्टात उघडला, तर तो माणूस जिवाला मुकेल. दुसरं, बारा तासांत शिपाई जेवतो, लघवीला जातो, घरून मुलीचा फोन येतो. तो पण माणूस आहे. साहेबाने दिवसभराचं चित्रण काढून "तू माझ्याविषयी काय बोललास" म्हणून पोराला छळलं तर? असे साहेब असतात.

चेसापीक

दादा, म्हणूनच कुठेही "ड्युटीभर चालू" असा नियम सहसा नसतो. कॉलवर निघालात किंवा कुणाला थांबवलंत की चालू, ती घटना संपेपर्यंत बंद नाही. मध्येच बंद करायचा असेल, उदाहरणार्थ खबऱ्याशी किंवा पीडितेशी बोलायचंय, तर कारण कॅमेऱ्यासमोर तोंडाने बोलायचं आणि मग बंद करायचा. म्हणजे पोलिसाचं खासगी आयुष्य बाहेर राहतं आणि बंद का झाला याची नोंदही राहते.

या मधल्या रस्त्याला आकड्यांचाही आधार आहे. कॅलिफोर्नियातल्या रिअल्टो या लहान शहरात २०१२-१३ मध्ये वर्षभर प्रयोग झाला, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी २४ वरून ३ वर आल्या. जगभर त्याची वाहवा झाली. मग २०१७ मध्ये वॉशिंग्टन डीसीत दोन हजारांहून जास्त पोलिसांवर मोठा अभ्यास झाला, त्यात बळाच्या वापरात म्हणावा असा काहीच फरक दिसला नाही. दोन्ही खरे. मग फरक कशाने पडतो? रिअल्टोवाल्या संशोधकांनीच २०१६ मध्ये अनेक पोलीस दलांचा एकत्र अभ्यास केला. जिथे पोलिसांनी नियमाप्रमाणे सुरुवातीपासून कॅमेरा चालू ठेवला तिथे बळाचा वापर ३७ टक्के कमी झाला. जिथे चालू-बंद करणं त्यांनी आपल्या मर्जीवर ठेवलं तिथे तो ७१ टक्के वाढला.

हे वाचल्यापासून माझं मत पक्कं झालंय. मर्जीवर सोडलेला कॅमेरा नसलेलाच बरा.

पाटीलकी

७१ टक्के वाढला? हे डोक्यात शिरायला वेळ लागेल.

कोर्टाची पायरी

म्हणूनच नियमासोबत परिणाम लिहिलेला हवा. चेसापीक, तुमच्याकडे कोलोरॅडोने २०२० मध्ये तसा कायदा केला ना?

चेसापीक

हो. चालू करायला हवा तिथे अधिकाऱ्याने कॅमेरा चालू केला नाही किंवा चित्रणाशी छेडछाड केली, तर त्याने गैरवर्तन केलं असं अनुमान काढायची मुभा त्या कायद्यात आहे. खुलासा त्याने करायचा. नागरिकाने सिद्ध करत बसायचं नाही. कॅलिफोर्नियातही २०१९ पासून गोळीबार किंवा गंभीर इजा झाली तर ४५ दिवसांत चित्रण जाहीर करावं लागतं, तपासाला बाधा येत असेल तर मुदत वाढते. ही मुदत का लागते ते शिकागोने दाखवलं. तिथे २०१४ मध्ये एका पोलिसाने एका १७ वर्षांच्या मुलाला १६ गोळ्या घातल्या. गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण वर्षाहून जास्त काळ दाबून ठेवलं गेलं, कोर्टाने आदेश दिल्यावर बाहेर आलं.

आणि आपल्या लोकांशी संबंधित प्रसंग : जानेवारी २०२३ मध्ये सिॲटलला आंध्र प्रदेशातून शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीला भरधाव पोलीस गाडीने उडवलं. दुसरा एक अधिकारी फोनवर बोलताना तिच्या मृत्यूवर हसला, तिच्या जिवाची किंमत अकरा हजार डॉलर लावली. त्याचा कॅमेरा चालू राहिला होता. सप्टेंबरात ते चित्रण जाहीर झालं आणि पुढच्या वर्षी त्याची नोकरी गेली. ते हसणं ऐकलं तेव्हा माझ्या घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. माझी मुलगीही त्याच वयाची आहे.

बिटबाईट

जरा यंत्राच्या बाजूने लिहितो, कारण "जतन करा" म्हणणं सोपं आहे.

साध्या दर्जाचं एक तासाचं चित्रण साधारण एक जीबी धरा. एका शिपायाचं दिवसाला चार तास चित्रण झालं तर चार जीबी. एका शहरात हजार कॅमेरे असतील तर रोज चार हजार जीबी. वर्षभर सगळं ठेवायचं म्हटलं तर कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा साठवणुकीचा खर्च किती तरी मोठा. निविदा निघतात त्या कॅमेऱ्यांच्या आणि बातमी येते तीही कॅमेऱ्यांची. पाच वर्षं चित्रण ठेवणार कुठे हे कुणी विचारत नाही. म्हणून टेम्सकाठ म्हणतात तसं वर्गीकरण लागतंच : साधं चित्रण थोडे दिवस, तक्रार आली, अटक झाली किंवा बळ वापरलं गेलं की ते बाजूला काढून कुलूपबंद.

दुसरं, कॅमेऱ्यातून मेमरी कार्ड हाताने काढता येत असेल तर बाकी सगळे नियम विसरा. ड्युटी संपली की कॅमेरा खाचेत बसवायचा, चित्रण आपोआप सर्व्हरवर जावं आणि त्याच क्षणी त्याची हॅश काढली जावी. हॅश म्हणजे त्या फाइलवरून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा. चित्रणातली एक चौकट जरी बदलली तरी आकडा बदलतो. नव्या साक्ष्य अधिनियमातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात ही हॅश लिहावीच लागते, ही चांगली सुधारणा आहे.

गोंयचो वारो

आमच्याकडे गोव्यात वाहतूक पोलिसांच्या अंगावर हे कॅमेरे दिसतात. बाहेरच्या पाटीची गाडी दिसली की अडवतात, अशी पर्यटकांची जुनी तक्रार आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना विचारा. अडवलं तर आधी कॅमेऱ्याकडे बघून शांतपणे बोला, आवाज न चढवता. माझा भाडोत्री गाड्यांचा धंदा आहे, ग्राहकांना मी गाडीची चावी देताना हेच सांगतो.

पाटीलकी

अवांतर : गोव्याला जाताना कुठल्या घाटाने जाताय यावर वेगळा धागा काढावा लागेल. सध्या रस्त्याची काय अवस्था आहे?

व्यवस्थापन

घाटरस्त्यांसाठी प्रवास विभागात धागा आहे. इथे विषयाला धरून लिहावे.

चाकोरी

माझ्या मालवाहू गाड्या आहेत, चलनांशी रोजचा संबंध. एक नियम फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून लिहितो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७ए हा नियम घातला गेला. त्यात इलेक्ट्रॉनिक अंमलबजावणीच्या साधनांची यादी आहे : वेग मोजणारे कॅमेरे, स्पीडगन, सीसीटीव्ही, गाडीतला कॅमेरा, नंबरपाटी वाचणारी यंत्रणा, आणि अंगावरचा कॅमेरासुद्धा. या साधनांना राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाचं मान्यता प्रमाणपत्र हवं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. अशा साधनावरून चलन केलं तर गुन्ह्यानंतर १५ दिवसांत नोटीस यायला हवी. गुन्हा आणि नंबरपाटी दिसणारा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, ठिकाण हवं. आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत नोंद जपून ठेवायची.

म्हणजे सह्यवारा, वाहतुकीपुरता का होईना, नियम आहे. तुमच्या मेहुण्याचं चलन जागेवर हाताने केलं की कॅमेऱ्यावरून, हे बघा. पोलिसाने स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून चलन करू नये, असेही आदेश आपल्या राज्यात निघाले आहेत. तरी माझ्या एका टेम्पोचं चलन आलं, फोटोत टेम्पोऐवजी मागची रिक्षा.

सह्यवारा

सगळ्यांचे आभार. १६७ए मला खरंच माहीत नव्हता. पावती बघितली, चलन जागेवरच केलेलं आहे. म्हणजे हा नियम तिथे लागू होत नाही, बरोबर?

आणि पायरी ताई, उद्या कुणावर असा प्रसंग आला तर नेमकं करायचं काय? लोकांना वापरता येईल असं सांगा. दुसरं, आपण स्वतः मोबाइलवर चित्रण केलं तर चालतं का? तेवढ्यावरून "गोपनीयतेचा कायदा लावू" म्हणून दम देतात.

कोर्टाची पायरी

बरोबर, जागेवरच्या चलनाला १६७ए चा आधार घेता येणार नाही.

मोबाइलचं आधी. वर्ध्याच्या एका प्रकरणात पोलीस ठाण्यात चित्रण केलं म्हणून शासकीय गुपिते कायदा लावला होता. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. पोलीस ठाणं हे त्या कायद्यात सांगितलेलं "प्रतिबंधित ठिकाण" नाही. पुढे पाथर्डीच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही तीच भूमिका घेतली. रस्त्याला तर तो कायदा लागण्याचा प्रश्नच नाही. अंगावर जाऊ नका, काम अडवू नका, दोन पावलं मागे राहून चित्रण करा. "सरकारी कामात अडथळा" म्हणून जे पूर्वी दंड संहितेचं कलम ३५३ लावायचे, ते आता न्याय संहितेचं १३२. त्यात हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. नुसता वाद घातला म्हणून ते लागत नाही.

आता अर्ज. क्रम महत्त्वाचा आहे. आधी "चित्रण जतन करा" असा अर्ज द्या, मग मागा. लोक उलटं करतात. माहिती अधिकारात महिनाभर जातो आणि तोपर्यंत खाकी दादा म्हणाले तसं जुन्यावर नवीन चढलेलं असतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वाहतूक शाखेच्या उपायुक्तांना किंवा जिल्हा असेल तर पोलीस अधीक्षकांना एका पानाचा अर्ज द्या : तारीख, वेळ, ठिकाण, अमुक अंमलदाराच्या अंगावरील कॅमेऱ्याचे चित्रण तक्रारीच्या पुराव्यासाठी सुरक्षित ठेवावे. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या, नाहीतर ईमेल आणि पोस्टाची पोच, दोन्ही. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज. कलम ८(१)(ज) खाली "तपासात अडथळा येईल" असं ठरलेलं उत्तर येईल, तेव्हा पहिलं अपील करा आणि विचारा की दंड भरून संपलेल्या चलनात कोणता तपास चालू आहे. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते, तो उल्लेख अर्जात ठळक करा.

जतन करायचा अर्ज हातात असताना चित्रण नाहीसं झालं, तर पुढे न्यायालयात तो कागद फार उपयोगी पडतो.

खाकीतली वर्षं

यात माझी भर. अर्जात बक्कल नंबर, म्हणजे त्या पोलिसाचा खात्यातला क्रमांक, लिहा. छातीवरच्या पट्टीवर नाव असतं, एका नावाचे चार जण निघतात. नंबर मिळाला नाही तर वेळ अचूक लिहा, पाच मिनिटांच्या आतली, म्हणजे त्या पॉइंटवर कुणाची नेमणूक होती ते ड्युटीच्या यादीवरून निघतं. आणि कॅमेरा देण्याघेण्याच्या रजिस्टरची प्रतसुद्धा मागा. चित्रण "नाही" म्हणता येतं, पण त्या दिवशी कॅमेरा नेला होता ही सही रजिस्टरात राहते.

मी खात्याच्या विरोधात बोलतोय असं कुणाला वाटेल. तसं नाही. प्रामाणिक शिपायाला या कॅमेऱ्याइतका दुसरा साक्षीदार नाही. पण त्याला चांगली बॅटरी द्या, पावसात चालेल असा द्या, आणि एक छापील पान द्या ज्यावर लिहिलेलं असेल की केव्हा चालू, केव्हा बंद.

माळरान

खाकी दादा, त्या पानावर माझ्याकडून एक ओळ घाला. घरात शिरताना बाईला विचारा, कॅमेरा चालू ठेवू का. ती "नको" म्हणाली तर तिचं "नको" रेकॉर्ड करा आणि बंद करा. पण नवरा "नको" म्हणाला तर बंद करू नका.

रोखठोक

ही ओळ मला पटली. बाकी माझं मत तेच आहे, आधी ठाण्यातले कॅमेरे चालू करून दाखवा.

टेम्सकाठ

रोखठोक, मग तिथूनच सुरुवात करू. तुम्ही सांगितलेल्या २०२० च्या आदेशात आणखी एक गोष्ट आहे. ठाण्याच्या दाराशी आणि आत इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत मोठे फलक लावायचे : इथे सीसीटीव्ही आहे, मानवी हक्कांचं उल्लंघन झालं तर मानवाधिकार आयोगाकडे, मानवाधिकार न्यायालयात, पोलीस अधीक्षकांकडे तक्रार करता येते, चित्रण किमान सहा महिन्यांइतकं तरी जपलं जातं (फलकाच्या मजकुरात एवढंच आहे, साठवणुकीची मोठी मुदत तुम्ही वर दिलीच आहे) आणि ते सुरक्षित करून घेण्याचा पीडिताला हक्क आहे. मी मार्चमध्ये घरी येतोय, आमच्या गावच्या ठाण्यात बघणार आहे. तुमच्या जवळच्या ठाण्यात हा फलक मराठीत लावलाय का?

चाकोरी

काल एका अपघाताच्या कागदांसाठी ठाण्यात गेलो होतो. फलक आहे. मराठीतही आहे. कॅमेरे असल्याचं मोठ्या अक्षरात लिहिलंय, हक्काची आणि तक्रारीची ओळ त्यावर नाही. ठाणे अंमलदारांना विचारलं तर म्हणाले, लेखी द्या, वर पाठवतो. सोमवारी देतोय. मजकूर पायरी ताईंनी इथे टाकला तर तोच वापरतो.

कोर्टाची पायरी

आज रात्री टाकते. आदेशाचा परिच्छेद क्रमांकही देते, तो अर्जात लिहा.